ट्रॅक्टरमधून ऑइल गळतंय: दुरुस्ती आताच करावी की हंगाम काढून घ्यावा?

जून उजाडतो. जालना जिल्ह्यातल्या काळ्या रानात दोन-तीन चांगले पाऊस पडतात, वापसा येतो आणि कपाशी, सोयाबीन, तुरीच्या पेरणीसाठी सगळ्यांनाच एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा असतो. नेमकं अशाच एखाद्या सकाळी ट्रॅक्टर पुढे घेतला की त्याच्या जागेवर ताटाएवढा काळा डाग दिसतो.

मिस्त्री खाली वाकून बघतो आणि सांगतो, "सील गेलंय. ट्रॅक्टर मधून खोलावा लागेल. तीन-चार दिवस लागतील."

रबराचं सील काहीशे रुपयांचं असतं. पण ते बदलण्याची मजुरी, सोबत लागणारं सामान आणि नवं ऑइल धरलं की बिल हजारांत जातं. शिवाय पेरणीचे चार दिवस हातचे जातात. अशा वेळी एक जण म्हणतो, "ऑइल टाकत राहा, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "आज दुरुस्त कर, नाहीतर इंजिन बसेल."

दोघंही बरोबर असू शकतात. कारण गळती म्हणजे एकच एक बिघाड नसतो. काही गळत्यांसोबत ट्रॅक्टर वर्षभर चालतो आणि काही गळत्यांमध्ये पुढचा एक तासही महागात पडतो. हा फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊया.

सील म्हणजे काय आणि ते का जातं?

ट्रॅक्टरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, पीटीओ अशा ठिकाणी फिरणारे शाफ्ट असतात. शाफ्ट आत ऑइलमध्ये फिरतो आणि त्याचं एक टोक बाहेर येतं. जिथून तो बाहेर येतो तिथे ऑइल अडवण्यासाठी रबराची गोल कड बसवलेली असते. तेच ऑइल सील. त्याच्या आत बारीक स्प्रिंग असते, ती रबराची कड शाफ्टवर दाबून धरते.

जिथे दोन भाग एकमेकांवर बोल्टने बसवलेले असतात, तिथे मध्ये पॅकिंग असतं. बहुतेक गळती या दोनपैकी एका ठिकाणाहून होते.

रबर उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होतं. चिखल आणि धूळ कडेला घासते. पण सील जाण्याची आणखी काही कारणं असतात, आणि ती पाहिली नाहीत तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळायला लागतं.

- शाफ्टवर पडलेली खाच: जुन्या सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक खाच पाडते. शाफ्टवर नख फिरवलं तर ती जाणवते. अशा शाफ्टवर नवं सील नीट बसत नाही.
- घासलेलं बेअरिंग: बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट डुलतो. डुलणाऱ्या शाफ्टवर कोणतंही सील टिकत नाही.
- बुजलेला ब्रीदर: गिअरबॉक्स आणि एक्सलच्या घरात गरम झालेली हवा बाहेर जाण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं.
- जास्त भरलेलं ऑइल: खुणेच्या वर भरलेलं ऑइलही बाहेरची वाट शोधतं.

यातली शेवटची दोन कारणं पाहायला एक रुपयाही लागत नाही. ब्रीदर साफ केल्यावर आणि ऑइलची पातळी खुणेवर आणल्यावर गळती थांबली किंवा बरीच कमी झाली, असं होऊ शकतं. त्यामुळे मोठं काम सांगितलं गेलं तरी आधी या दोन गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिला प्रश्न: गळतंय ते नेमकं काय?

रात्री ट्रॅक्टरखाली एक मोठा पुठ्ठा किंवा खताची रिकामी, स्वच्छ गोणी पसरावी. सकाळी डाग कुठे पडला आणि कोणत्या रंगाचा आहे, ते दिसतं.

- काळं आणि पातळ: इंजिन ऑइल.
- सोनेरी किंवा तपकिरी आणि थोडं घट्ट: गिअरबॉक्स, मागचा एक्सल किंवा हायड्रॉलिकचं ऑइल. अनेक ट्रॅक्टरमध्ये या तिन्हींसाठी एकच ऑइल वापरलं जातं.
- हिरवट किंवा रंगीत पाणी: रेडिएटरमधलं कूलंट.
- पातळ आणि उग्र वासाचं: डिझेल.
- दुधाळ किंवा चहाच्या रंगाचं: ऑइलमध्ये पाणी मिसळलं आहे.

शेवटचा रंग सगळ्यात जास्त गांभीर्याने घ्यायला हवा. जिथून ऑइल बाहेर येऊ शकतं तिथून पाणी आतही जाऊ शकतं. पाण्यात उतरणाऱ्या, चिखलातून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांच्या हबमध्ये, विशेषतः फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या एक्सलमध्ये, हे घडतं. पाणी मिसळलेलं ऑइल गिअर आणि बेअरिंगला नीट वंगण देत नाही, आतले भाग गंजतात. अशा वेळी बाहेर एकही थेंब पडत नसला तरी आतलं नुकसान चालूच असतं.

दुसरा प्रश्न: गळती कुठून होतेय?

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते, असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टला येऊन टपकतं. त्यामुळे चेंबरचं पॅकिंग गेलं असं वाटतं आणि खरी गळती वर टॅपेट कव्हरपाशी असते. कव्हरचं पॅकिंग बदलणं तासाभराचं काम असतं.

खात्री करण्याची सोपी पद्धत अशी. ओला झालेला भाग डिझेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुवून कोरडा करावा. त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. ट्रॅक्टर वीस-तीस मिनिटं चालवून बंद करावा. पावडरीवर ऑइलची ओली रेघ दिसते. त्या रेघेचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घराला, म्हणजे जिथे क्लच असतो तिथे, खाली एक छोटं भोक ठेवलेलं असतं. तिथून काळं ऑइल टपकत असेल तर इंजिनच्या क्रँकचं मागचं सील गेलं असण्याची शक्यता मोठी. सोनेरी ऑइल येत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या सीलवर जातो. दोन्ही सील क्लचच्या पलीकडे असल्यामुळे ट्रॅक्टर मधोमध खोलूनच बदलावी लागतात. म्हणूनच बिल मोठं होतं.

पीटीओच्या शाफ्टपाशी गळती असेल तर आधी शाफ्टला काय गुंडाळलं गेलंय ते पाहावं. गोण्यांची सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे, मल्चिंगचं प्लास्टिक, तार असं काहीही तिथे अडकतं आणि सीलची कड कापतं. इंजिन बंद करून, चावी काढूनच हे साफ करावं.

हाताने चाचपू नये

हायड्रॉलिकच्या पाइपमधली गळती शोधताना एक चूक जिवावर बेतू शकते. लिफ्ट काम करत असताना पाइपमध्ये प्रचंड दाब असतो. पाइपला सुईएवढं भोक पडलं तर त्यातून निघणारी ऑइलची धार डोळ्याला दिसत नाही, पण ती कातडीतून थेट आत घुसते. डिझेल पंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या पाइपचंही तसंच आहे.

जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत गेलेलं ऑइल मांस सडवतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागू शकतो. असं झालं तर हळद लावून घरी थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच जावं आणि दाबाचं ऑइल हातात घुसलंय, हे स्पष्ट सांगावं.

अशी गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून पाइपजवळ फिरवावा. धार असेल तर पुठ्ठा ओला होतो.

तिसरा प्रश्न: किती वेगाने गळतंय?

बऱ्याचदा निर्णय डागाकडे बघून घेतला जातो. पण ऑइल जमिनीवर पसरतं, त्यामुळे थोडंसं ऑइलही खूप वाटतं. उलट क्रँकच्या सीलमधून इंजिन चालू असतानाच जास्त गळतं आणि ते शेतात पडतं. घरासमोरचा डाग लहानच राहतो.

खरं माप गेजच्या दांडीवर कळतं. सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनवर पातळी पाहावी. किती तास काम झालं आणि किती ऑइल वरून टाकावं लागलं, हे वहीत लिहावं. चार-पाच दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

थेंबांचाही ढोबळ हिशेब करता येतो. साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं, असं धरू.

- दर १० सेकंदांना एक थेंब: तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर. १०० तासांत १.८ लिटर.
- दर सेकंदाला एक थेंब: तासाला १८० मिलिलिटर. आठ तासांच्या दिवसात जवळपास दीड लिटर.

समजा ट्रॅक्टर वर्षाला ६०० तास चालतो आणि ऑइल ३०० रुपये लिटर आहे. पहिल्या गळतीत वर्षाला १०.८ लिटर, म्हणजे ३,२४० रुपयांचं ऑइल जाईल. दुरुस्तीचं बिल १५ हजार असेल तर केवळ ऑइल वाचवण्यासाठी तो खर्च भरून निघायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील. इथे "ऑइल टाकत राहा" म्हणणारा चुकीचा नाही.

दुसऱ्या गळतीत मात्र वर्षाला १०८ लिटर, म्हणजे ३२,४०० रुपयांचं ऑइल जाईल. त्याहून मोठा धोका असा की गेजवरच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक-दोन लिटरचंच असतं. म्हणजे एका दिवसाच्या नांगरटीत पातळी खालच्या खुणेपाशी येऊ शकते. एक दिवस पाहायचं राहिलं तर इंजिन कोरडं पडून बेअरिंग धरण्याची भीती. मग प्रश्न सीलच्या बिलाचा राहत नाही, इंजिनच्या कामाचा होतो.

चौथा प्रश्न: गळलेलं ऑइल जातंय कुठे?

हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, पण निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. ऑइल जमिनीवर पडत असेल तर नुकसान ऑइलचं. ते दुसऱ्या भागावर पडत असेल तर नुकसान त्या भागाचं.

क्रँकच्या मागच्या सीलचं ऑइल क्लच प्लेटवर उडालं तर क्लच घसरायला लागतो. इंजिनचा आवाज वाढतो पण ट्रॅक्टर तेवढा ओढत नाही, जळका वास येतो. मागच्या एक्सलच्या सीलमधून ऑइल सुक्या ब्रेकमध्ये शिरलं तर ब्रेक लागत नाही, किंवा एकाच बाजूचा लागतो. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक मुळात ऑइलमध्येच चालतात, त्यांच्यात ही अडचण नसते. तिथे ऑइल चाकाच्या रिंगवर दिसतं आणि धोका पातळी कमी होण्याचा असतो.

कपाशीच्या गाठोड्यांनी भरलेली ट्रॉली जिनिंगकडे नेताना, उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर ओढताना किंवा भोकरदन-जाफराबादकडच्या चढ-उतारांवर ब्रेकला ऑइल लागलेला ट्रॅक्टर चालवणं म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव धोक्यात घालणं. इथे पैशांचा हिशेब करायचाच नसतो.

आता निर्णय: लगेच, लवकर की नंतर?

या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की गळतीचे तीन गट पडतात.

काम आत्ता थांबवावं, अशा गळत्या

- ब्रेकमध्ये ऑइल शिरलंय.
- डिझेल गळतंय. गरम सायलेन्सर, वाळलेलं पाचट किंवा कडबा जवळ असेल तर आग लागू शकते.
- हायड्रॉलिक किंवा डिझेलच्या दाबाच्या पाइपमधून धार उडतेय.
- कूलंट गळतंय आणि इंजिन तापतंय. मे महिन्यात तापमान चाळिशीपार असताना इंजिनला दुसरी संधी मिळत नाही.
- ऑइल दुधाळ झालंय.
- गेजवर इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढतेय.

शेवटचं लक्षण फसवं असतं. ऑइल कमी होत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण पातळी आपोआप वाढतेय म्हणजे इंजिनमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही. वाढणारी पातळी कमी होणाऱ्या पातळीइतकीच, कधीकधी तिच्याहून वाईट असते.

आठवड्याभरात करून घ्यावीत, अशी कामं

- क्लच घसरायला लागलाय.
- रोज ऑइल टाकावं लागतंय.
- पुढच्या चाकाच्या हबमधून ऑइल किंवा ग्रीस येतंय आणि चाकाला हेलकावा आहे.
- पीटीओचं सील गळतंय आणि पुढे रोटाव्हेटरचं काम आहे.

नजर ठेवून हंगाम काढता येईल, अशा गळत्या

- टॅपेट कव्हर, चेंबरच्या पॅकिंगपाशी नुसता ओलावा आहे.
- क्रँकच्या सीलमधून अधूनमधून थेंब पडतोय, पण क्लच नीट काम करतोय.
- हायड्रॉलिकच्या जोडापाशी ऑइल झिरपतंय, लिफ्टची ताकद कमी झालेली नाही.

नजर ठेवणं म्हणजे विसरून जाणं नव्हे. रोज सकाळी गेज पाहणं, सोबत त्याच दर्जाचं ऑइल ठेवणं आणि वहीतला आकडा वाढतोय का ते बघणं, एवढं केलं तरच थांबण्याला अर्थ आहे. थेंब वाढत असतील तर गट बदलला, असं समजावं.

सील बदलूनही उपयोग नाही, असं कधी होतं?

इंजिनच्या पुढच्या सीलपाशी गळतंय, मागेही गळतंय, टॅपेट कव्हरपाशीही ओलं आहे. अशा वेळी सगळी सीलं एकदम गेली, असं मानण्याआधी एक तपासणी करावी.

इंजिन गरम झाल्यावर ते मंद गतीत चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सावधपणे उघडावं. तिथून धुराचे झोत जोरात बाहेर येत असतील तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासलेले असू शकतात. सिलिंडरमधला दाब रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये येतो आणि जिथून वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. सोबत सायलेन्सरमधून निळसर धूर आणि ओढायची ताकद कमी, अशी लक्षणं असतात.

अशा इंजिनला नवी सीलं बसवणं म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून चुना लावणं. काही आठवड्यांत ऑइल पुन्हा येतं आणि मजुरी वाया जाते. इथे निर्णय सीलचा नसतो. इंजिनचं काम करायचं, की ट्रॅक्टर आहे तसा हलक्या कामाला ठेवायचा, हा खरा निर्णय असतो.

"एकदा खोलला की" हा हिशेब

ट्रॅक्टर मधून खोलण्याच्या कामात बिलाचा मोठा वाटा मजुरीचा असतो. सील असो की क्लच प्लेट, खोलण्या-जोडण्याची मेहनत तीच. त्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, क्लच आणखी वर्षभर चालेल असं दिसत असेल आणि गळती कमी असेल, तर क्लचच्या कामापर्यंत थांबून दोन्ही एकदम करणं स्वस्त पडतं.

दुसरी, गळतीसाठी ट्रॅक्टर आता खोलायचाच असेल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि शेजारचं दुसरं सीलही त्याच वेळी तपासून घ्यावं. सामानाचे थोडे पैसे वाचवून सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी देण्यात शहाणपण नाही.

शाफ्टवर खाच असेल तर ती आधी पाहून घ्यावी. अनेक ठिकाणी पातळ स्लीव्ह बसवून किंवा सील किंचित मागे-पुढे बसवून काम होतं. काही शाफ्टना लेथचं काम लागतं. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना शहरात असं काम करणारी वर्कशॉप असतात, पण त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरायला हवा.

बाटलीतलं औषध आणि गावठी उपाय

गळती थांबवण्यासाठी ऑइलमध्ये टाकायची द्रव्यं बाजारात मिळतात. ती कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतात. रबर नुसतंच आक्रसलं असेल तर झिरपणं काही काळ कमी होऊ शकतं. सील फाटलं असेल, शाफ्टला खाच असेल किंवा पॅकिंग उडालं असेल तर त्यांचा उपयोग नाही.

डिझेलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर अंगाचा साबण दाबून बसवण्याची युक्ती अनेक मिस्त्री जाणतात. साबण डिझेलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत काम भागतं. पण ती वाट काढण्याची युक्ती आहे, दुरुस्ती नाही. दाबाच्या पाइपला साबण, चिकटपट्टी किंवा ट्यूब गुंडाळणं मात्र धोक्याचं.

काम देण्याआधी विचारायचे प्रश्न

काम सांगण्याआधी मिस्त्रीला किंवा सर्व्हिस सेंटरला हे प्रश्न विचारावेत.

- गळती नेमकी कुठून आहे, हे धुवून, कोरडं करून पाहिलंय का?
- सील का गेलं? बेअरिंग, शाफ्ट आणि ब्रीदर तपासणार का?
- सामान, ऑइल आणि मजुरी यांचा वेगवेगळा खर्च किती?
- आतलं ऑइल काढावं लागेल का? चांगलं असेल तर स्वच्छ भांड्यात गाळून परत वापरता येईल का?
- पुन्हा गळलं तर मजुरी कोणाची?
- काढलेलं जुनं सामान परत मिळेल का?

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकमध्ये कित्येक लिटर ऑइल बसतं. ते सगळं बदलावं लागलं तर बिलातला मोठा आकडा ऑइलचाच असतो. त्यामुळे चौथा प्रश्न विसरू नये.

ट्रॅक्टर नवा असेल तर सगळ्यात आधी वॉरंटीचं पुस्तक उघडावं. ठरलेल्या तासांना सर्व्हिसिंग झालेलं नसेल किंवा बाहेर खोललं गेलं असेल तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो. त्यामुळे मुदत शिल्लक असताना बाहेर हात लावू देऊ नये.

पैसे घेऊनही काम नीट झालं नाही तर पक्कं बिल हाच पुरावा असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर चालवणारा शेतकरीही या कायद्याखाली ग्राहक ठरतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आधी तक्रार नोंदवता येते.

जुन्या ट्रॅक्टरवर खर्च करावा का?

"मागच्या वर्षीच ४० हजार घातलेत, आता सोडून कसं चालेल?" हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. पण गेलेले पैसे गेले. ते परत आणण्यासाठी नवे पैसे घालणं हा हिशेब होत नाही. प्रश्न एवढाच की आता घातलेला खर्च पुढे किती हंगाम काम देईल.

समजा दुरुस्तीला ३० हजार लागणार आहेत आणि त्यानंतर ट्रॅक्टर किमान तीन वर्षं चालेल, असा मिस्त्रीचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला १० हजार. तेच काम शेजाऱ्याच्या किंवा अवजार बँकेच्या ट्रॅक्टरने भाड्याने करून घेतलं तर वर्षाला किती जातील? स्वतःची चार एकर जमीन आणि बाहेरचं काम नसेल तर उत्तर एक येईल. वीस एकर आणि वर शेजाऱ्यांच्या पेरण्या असतील तर दुसरं.

यात भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्याचीही किंमत धरायला हवी. वापसा मोडला की पेरणी लांबते. आणि ट्रॅक्टर कर्जावर असेल तर तो उभा राहिला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

जुना ट्रॅक्टर विकत घेतानाही हेच ज्ञान कामी येतं. चकचकीत धुतलेलं इंजिन पाहून खूश होऊ नये. विक्रेत्याला अर्धा तास ट्रॅक्टर चालवायला सांगावं, लिफ्टवर अवजार उचलून ठेवावं आणि मग खाली वाकून पाहावं. इंजिन बंद केल्यावर उचललेलं अवजार भराभर खाली येत असेल तर गळती लिफ्टच्या आत आहे, ती जमिनीवर कधीच दिसत नाही.

मग जूनमधल्या त्या सकाळी काय करायचं?

डाग काळा आहे, क्लचखालच्या भोकातून येतोय, दहा-पंधरा सेकंदांना एक थेंब पडतोय. क्लच घसरत नाही, ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागतात, झाकण उघडल्यावर धुराचा झोत नाही. तर ब्रीदर साफ करून, ऑइल खुणेपर्यंत भरून पेरणी काढायला हरकत नाही. ऑइलचा डबा ट्रॅक्टरवर, गेज रोज सकाळी आणि आकडा वहीत.

मग पोळ्याच्या आसपास, पिकं उभी असतात आणि ओल्या रानात ट्रॅक्टर घालता येत नाही, तेव्हा तो निवांत खोलावा. त्या दिवसांत मिस्त्रीच्या हातालाही उसंत असते, दोन ठिकाणी भाव विचारता येतो आणि चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तरी पेरणी अडत नाही. मात्र मधल्या काळात क्लच घसरला किंवा थेंबांची धार झाली, तर पोळ्याची वाट पाहू नये.